तिसरी हाक

आमच्याकडे दिवेलागणीला कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, असा नियम होता. पहिल्या हाकेला गप्प राहायचं, दुसरीलाही गप्प राहायचं, तिसरी आली की मग ओ द्यायची. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नसतं ते एकदा मारतं, फार तर दोनदा, तिसरी हाक त्याच्या गळ्यातून निघत नाही. आईनं हे मला आणि माझ्या मोठ्या भावाला, दादाला, चालायला शिकवावं तसं शिकवलं होतं.

बाबांना ते अजिबात खपत नसे. ते मुरबाडला तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. आजोबांच्या वेळेला आमचं घर बौद्ध झालं, तेव्हा देव्हारा गेला, नवस गेले, कोंबडं कापणं गेलं, झाडफूक करणारा भगत उंबऱ्याबाहेर गेला. "एवढं सगळं गेलं, मग हे तीन हाकांचं कुठं लपून राहिलं?" बाबा आईला विचारायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ते देवाधर्माचं नाय, सवयीचं हाय." मग विषय संपला. बाबा हट्टाला पेटले की अंधार पडताना अंगणात जाऊन उभे राहायचे आणि कुठूनही हाक आली की पहिल्याच हाकेला जोरात "ओ!" द्यायचे, निदान आम्ही पोरांनी ऐकावं म्हणून. कितीदा तर हाक शेजारच्याला मारलेली असायची. "तुमाला नाय मारली हो," पलीकडून कुणीतरी ओरडायचं, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची.

आमचं घर टोकावड्याच्या अलीकडे, माळशेज घाटाच्या रस्त्याला लागून. पुढं रस्ता, त्यावरून दिवसभर एसटी आणि घाटावरून भाजी घेऊन उतरणारे ट्रक. मागं भाताची खाचरं, बांधाला विहीर, आणि त्याच्यामागं सिद्धगडाकडचे डोंगर. आई विहिरीवरून किंवा शेतातून हाक मारायची तेव्हा तोंडाला हात लावायची, आणि दोन हाकांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबायची. ती हाक मी आजही कुठेही ओळखेन.

दादा नकला फार छान करायचा. कंडक्टरची, शाळेतल्या मास्तरांची, पंचायतीत भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्यांची. पण त्याची सगळ्यात पक्की नक्कल आईची होती. खाचराच्या कडेला लपून तो आईच्या आवाजात मला हाक मारायचा, नियमाप्रमाणे तीनदा, मध्ये श्वास घेऊन. मी "ओ, आले" करत धावत जायची आणि तिथं हा दात काढून हसत बसलेला. मी त्याला ढेकळं मारायची. आणि चार दिवसांनी त्याच नकलेला पुन्हा फसायची.

तो मुरबाडला कॉलेजला जायला लागला ती नव्वदनंतरची पहिली वर्षं. एक दिवस कॉलेजचे एक सर कसल्याशा दाखल्यासाठी बाबांच्या कचेरीत आले आणि बोलता बोलता म्हणाले, "तुमचा मुलगा माझ्यासमोर बसलेला असतो, पण हजेरीला ओ देत नाही. मी गैरहजर मांडतो, तो नुसता बघत राहतो." बाबा तापूनच घरी आले.

"काय रे, हजेरी का देत नाय?"

"सर एकदाच नाव घेतात," दादा म्हणाला.

"मग कितीदा घ्यायचं?"

"तीनदा."

मी आणि आई हसलो. आम्हाला वाटलं, हा नवीन कुणाची तरी नक्कल करतोय. बाबा हसले नाहीत. ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग माझंही हसू थांबलं, कारण दादा आमच्या हसण्याकडे अशा नजरेनं बघत होता, की जणू आम्ही त्याचं एखादं गुपित फोडलं असावं.

हळूहळू एकेक बाहेर आलं. रस्त्याच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजतो तो त्याच्यासाठी वाजतो. स्टँडवर लोक बोलतात ते त्याच्याबद्दल बोलतात, तो जवळ गेला की विषय बदलतात. आणि शेताच्या बाजूनं कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं. दिवसाही मारतं. एकदा, कधी दोनदा. तिसरी मारत नाही. म्हणून तो ओ देत नव्हता. शेतातल्या त्या हाकेला नाही, आणि सावध राहायचं म्हणून सरांच्याही हाकेला नाही. आईनं दिलेल्या नियमानं तो स्वतःला सांभाळत होता, एकटाच, किती महिने कोण जाणे. मला आजही त्या पोराच्या धीराचं नवल वाटतं, आणि आम्हाला पत्ता लागला नाही याचा रागही येतो, पण आम्हाला तरी कसा लागणार होता. माणूस काय ऐकतो ते शेजारी बसलेल्याला दिसत नाही.

मग ते वाढत गेलं. तो झोपेना, कानात कापूस कोंबून बसू लागला, एक दिवस ट्रान्झिस्टर उचलून अंगणात आपटला. चार शहाणे घरी जमले. कुणी म्हणालं, भगताला दाखवा, डोंगराकडच्या वाडीत एक चांगला आहे. कुणी म्हणालं, लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. ज्याला धड जेवण जात नव्हतं त्याच्या गळ्यात बायको बांधायची, आणि तिनं म्हणे त्याला सुधारायचं. मी तेव्हा दहावीत होते, मोठ्या माणसांपुढे बोलायची टाप नव्हती, नाहीतर मी सांगितलं असतं, तुमचीच मुलगी द्या मग. बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "भगत आमी सोडला तो सोडला. डॉक्टरकडं नेणार."

कल्याणचे डॉक्टर वयस्कर होते आणि तुटक बोलायचे. त्यांनी दादाला विचारलं, आवाज येतात का? दादा गप्प. त्यांनी आईकडे बघितलं. आईला वाटलं, दादाचं उत्तर आता आपण द्यायला पाहिजे. ती म्हणाली, "येतात ना साहेब. सगळ्यांनाच येतात. रस्त्याला घर हाय आमचं." डॉक्टरांनी चष्मा काढला. मग दादाच म्हणाला, "आई, ते तसले आवाज नाय विचारत," आणि सगळं सांगून टाकलं. तो इतकं सरळ बोलला की बाबांनी खुर्चीत तोंड फिरवलं. परत येताना एसटीत आई मला हळूच म्हणाली, "मी कायतरी चुकीचं बोलले का गो?" मी म्हणाले, नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा त्याची मान एका बाजूला ताठ झाली, हात थरथरायला लागले, तोंडातून लाळ गळायची. त्यासाठी दुसरी गोळी आली. आवाज एकदम गेले नाहीत. मी त्याला रोज विचारायचे आणि तो मला खरं सांगायचा. आधी ते लांब गेले, विहिरीच्याही पलीकडे. मग शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसे झाले, बोलणं कळेना. मग एक दिवस म्हणाला, "हायेत अजून. पण मला काय त्याचं." आणि त्यानंतर कधीतरी ते नव्हतेच. ते कुठल्या दिवशी थांबले हे त्यालाही सांगता आलं नाही.

बाबांनी तेव्हा पेढे आणले होते. दादानं एक खाल्ला. आईनं विचारलं, "गोड हाय ना रे?" तो म्हणाला, "हाय." ज्या आवाजात तो सुकटीच्या कालवणाला "हाय" म्हणायचा, आंघोळीच्या पाण्याला "हाय" म्हणायचा, त्याच आवाजात. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला तरी आता त्याची मान वळत नसे. हॉर्न पुन्हा हॉर्न झाला होता, हे चांगलंच होतं. पण मग भात कापताना कणसावरून हात फिरवला तरी तो तसाच, बहीण पास झाली तरी तसाच. चेहऱ्यावर काही उमटायचंच नाही.

एकदा मी त्याला म्हणाले, "दादा, कंडक्टर कर ना." त्यानं खरंच प्रयत्न केला. उभा राहिला, काखेत पिशवी धरली आणि म्हणाला, "पुढं सरका." स्वतःच्याच आवाजात, धडा वाचावा तसं. मग हात खाली सोडून म्हणाला, "येत नाय गो बाय आता." मी गोठ्यामागं जाऊन रडले. मला त्याच्या त्या शहाण्या होण्याचा तेव्हा फार राग आला होता.

आईनं आपल्या परीनं मार्ग काढला. दादा आता सगळ्यालाच हळू झाला होता. हाक कानावर पडली तरी आत पोचायला वेळ लागायचा, आणि पोचली तरी ती खरी की खोटी हे तो मनात तपासून बघायचा, हे आईला माहीत होतं. म्हणून ती त्याला प्रत्येक गोष्टीला तीनदा हाक मारू लागली. जेवायला, आंघोळीला, गोळी घ्यायला. चुलीपासून चार हातांवर तो बसलेला असला तरी तीन हाका, मध्ये श्वास घेऊन. "म्हंजे त्याला कळतं, मीच हाय," ती म्हणायची. तिसरीला तो "ओ" द्यायचा आणि उठायचा. जाणाऱ्या एसटीतली माणसं वाकून बघायची, ही बाई कुणाला एवढी ओरडतेय. बाबांनी त्या नियमाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही, पण ते स्वतः कधी तशी हाक मारत नसत. ते उठून त्याच्याजवळ जायचे आणि खांद्याला हात लावायचे.

एका वर्षी कापणीच्या दिवसांत आईनं बाबांच्या नकळत त्याच्या गोळ्या थांबवल्या. तिला तिचा पोरगा परत पाहिजे होता, दुसरं काही नाही. आणि तो आला. हात थरथरायचे थांबले. कालवण चाखून म्हणाला, मीठ कमी हाय. एका संध्याकाळी त्यानं झोडणीच्या खळ्यावर अख्खा कंडक्टर करून दाखवला, घंटी, चिल्लर, शिव्या सगळ्यासकट, आणि आम्ही पोट धरून हसलो. आई हसता हसता डोळे पुसत होती आणि मला तेव्हा त्याचं कारण माहीत नव्हतं. थोड्याच दिवसांत तो रस्त्यानं चालत निघून गेला. प्रत्येक हॉर्न त्याला पुढं बोलवत होता. घाटाच्या पायथ्याला एका ढाब्याच्या मागं, पाण्याच्या टाकीखाली कान दाबून बसलेला तो बाबांना सापडला. आईनं त्या दिवशी स्वतःच डबा उघडून गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानंतर तिनं ती कधी चुकवली नाही.

पुढं मी शिक्षिका झाले, शहापूर तालुक्यात शेणव्याच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि शहापुरातच लग्न झालं. आठवीला कान शिकवायचा असतो. फळ्यावर आकृती काढायची, कानाची पाळी, पडदा, तीन हाडं, गोगलगाईसारखी ती नळी, आणि तिच्यातून निघणारी नस. नसेच्या टोकाला एक बाण असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, "मेंदूकडे". पुस्तक तिथं थांबतं. मी दरवर्षी तो बाण काढायचे आणि दरवर्षी खडू तिथं अडायचा. माझ्या भावाचं जे काही झालं ते सगळं त्या बाणाच्या पलीकडे झालं होतं.

दादाला तपासायला न्यायची पाळी माझी होती तेव्हा त्या बाणापलीकडे काय होतं, ते मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही स्टँडवर एसटीची वाट बघत असता. लांबून ट्रक येतो. क्षणभर तुम्हाला एसटीच ऐकू येते, बरोबर? कान फक्त पोचवतात. काय ऐकलं ते मेंदू ठरवतो. तो आधी अंदाज बांधतो आणि मग कानाकडून आलेल्याशी ताडून बघतो. तुमच्या भावाचा अंदाजच एवढा जोरदार होतो, की ताडून बघणं मागं पडतं."

"पण हाक मारतो तो आवाज कुणाचा?"

"त्याचाच. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू स्वतःलाच आधी कळवून ठेवतो, हे माझंच बोलणं आहे. ती कळवाकळवी बिघडली, की स्वतःचं बोलणं बाहेरून आल्यासारखं वाटतं."

गोळी काय करते, तेही त्यांनी सांगितलं. इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे, असं मेंदूत सांगत फिरणारं एक रसायन असतं, डोपामिन. दादाच्या डोक्यात ते गरजेपेक्षा जास्त सुटतं, म्हणून साधा हॉर्नही त्याच्या नावाचा होतो. गोळी त्या रसायनाची दारं अडवते. मी म्हणाले, "मग पेढा? नकला?" डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उचलून परत ठेवला. "गोडी, हौस, तीही बरीचशी त्याच दारांनी येते, बाई. दारं निवडून अडवणारी गोळी माझ्याकडे नाही. आणि हे जे मी सांगतोय ते आम्हाला कळलंय तेवढंच. बरंच कळलेलं नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. नंतर त्यांनी एक नवी गोळी दिली. तिनं हात थरथरायचे थांबले, अंग सुटलं आणि झोप वाढली.

एका उन्हाळ्यात आई गेली. तापाचं निमित्त झालं. दवाखान्यातून घरी आणली आणि दोन दिवसांत संपलं. दादा भिंतीवरच्या दोन तसबिरींखाली बसून होता. वंदना झाली, माणसं आली आणि गेली, तो रडला नाही. बायका आपसात म्हणाल्या, त्याला काय कळतंय. मला त्यांच्या अंगावर जावंसं वाटलं. त्याला सगळं कळत होतं, पण डोळ्यापर्यंत यायची वाट बंद होती.

मी शनिवारी शाळा सुटली की टोकावड्याकडची एसटी धरायचे आणि रविवारी परत यायचे. बाबा आता रिटायर झाले होते, त्यांना कमी ऐकू यायचं. दोघांचा स्वयंपाक तेच करायचे, गोळी तेच द्यायचे. घरात कुणीच हाक मारत नव्हतं. पावसाळा संपता संपता एका शनिवारी दादा मला आंब्याखाली घेऊन गेला आणि म्हणाला, "आई हाक मारते."

मी विचारलं, "कुठून?"

"विहिरीवरून. संध्याकाळी."

"दादा, तो आवाज आहे. तुला माहीत आहे ना?"

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, जणू मीच आजारी होते. "आवाज दोनदाच मारतात गो. ही तीनदा मारते. मध्ये थांबते, श्वास घेते."

इतकी वर्षं आईनं त्याला खऱ्या हाकेची खूण शिकवली होती. चुलीपासून, विहिरीवरून, दिवसातून कितीदा तरी तिनं ती घोटून घेतली होती. आता त्याचा आजार तीच खूण घेऊन आला होता आणि त्याला थोपवायला घरात दुसरा नियम नव्हता. मला लहानपणीची खाचराची कड आठवली. आईच्या आवाजात तीन हाका, मध्ये श्वास. दादाचं डोकं पुन्हा आईची नक्कल करत होतं, पहिल्यासारखीच पक्की, आणि या वेळी धावत जाणारा तोच होता.

मी बाबांना सांगितलं आणि वर हेही म्हणाले, की राहू दे. काय बिघडतंय? पोराला आई ऐकू येते, येऊ दे. त्याच्यापाशी दुसरं आहे काय? बाबा म्हणाले, "ती हाक मारून काय बोलते ते विचारलंस?" मी विचारलं नव्हतं. मला विचारायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्हाला ते विचारावं लागलंच नाही. मी चूल पेटवत होते, बाबा लाकडं फोडत होते, आणि मागच्या बाजूनं दादाचा आवाज आला, "ओ! आलो, आलो!" इतक्या वर्षांत त्याचा इतका मोकळा, आनंदी आवाज मी ऐकला नव्हता. मी धावले. तो विहिरीच्या काठावर, कठडा नसलेल्या बाजूला उभा होता, एक पाय पुढं टाकलेला, खाली वाकून बघत. मी त्याचा शर्ट मागून धरला आणि आम्ही दोघं चिखलात पडलो. तो मला म्हणाला, "सोड, ती खाली हाय. घागर उचलायला बोलवतेय." बाबा पोचले तेव्हा त्यांच्या हातात अजून कुऱ्हाड होती. ती त्यांनी बांधावर टाकली आणि चिखलातच बसले.

सोमवारी आम्ही कल्याणला गेलो. डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं? मीही हो म्हणाले, मनापासून म्हणाले. बाबांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि तिला कुलूप घातलं.

त्यानंतर दर शनिवारी मी एसटीतून उतरले की आधी दादाच्या तोंडाकडे बघायचे. तो दिवसाचा बराच वेळ झोपायचा. उठला की ओट्यावर बसायचा. मी विचारायचे, येते का रे हाक? आधी म्हणाला, येते, पण बारीक येते. पुढच्या खेपेला म्हणाला, दोनदाच येते, तिसऱ्या वेळी नुसता श्वास येतो. नंतर एका शनिवारी मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "आई गेली."

मी त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, "दादा, आई उन्हाळ्यात गेली ना."

"तेव्हा नाय," तो म्हणाला. "आता."

त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी त्याचा हात धरला, तो जड आणि गार होता. ज्या गोळीनं त्याला विहिरीत पडू दिलं नाही, त्याच गोळीनं त्याची आई नेली होती, आणि ती गोळी देणारे आम्हीच होतो. जगात कुणाचंही चुकलं नव्हतं आणि तरी माझ्या भावाला त्याची आई दोनदा गमवावी लागली. याचा राग कुणावर काढायचा हे मला अजून समजलेलं नाही.

त्याच दिवशी दिवे लागायच्या वेळेला तो ओट्यावरून आपणहून उठला. मी भाकरीचं पीठ मळत होते, मागच्या दारातून मला दिसत होतं. तो अंगण ओलांडून बांधापर्यंत गेला, विहिरीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं तोंडाला हात लावला, आई लावायची तसा.

"आई," त्यानं हाक मारली. त्याच्या त्या सपाट आवाजात. मग थांबला, श्वास घेतला.

"आई."

मला कळलं तो काय करतोय. त्याला तिची हाक ऐकू येणं थांबलं होतं, तेव्हा आता तो तिला हाक मारत होता. तीही आमच्याच घरातली. पहिल्या दोन हाकांना ती ओ देणार नाही, हे त्याला माहीत होतं. माझे पिठाचे हात तसेच राहिले.

"आई," त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, आणि वाट बघू लागला.

विहिरीच्या जाळीवर पाखरं बसली होती ती उडाली. पुढच्या रस्त्यानं एसटी गेली. तो तसाच मान पुढं करून उभा होता, आणि मला वाटलं, आता जर हा असाच उभा राहिला तर मी काय करू.

"ओ!"

बाबा होते. खाटेवर बसल्या जागेवरून त्यांनी ओ दिली होती, तरुणपणी द्यायचे तशी, जोरात, लांबवर जाईल अशी. त्यांना ती हाक ऐकू तरी कशी आली कोण जाणे.

दादा वळला. "तुमाला नाय मारली, बाबा."

"माहीत हाय," बाबा म्हणाले.

दादा पुन्हा विहिरीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, बाबा नेहमीसारखे उठून जातील आणि त्याच्या खांद्याला हात लावतील. ते उठले, पण दारातच थांबले. त्यांनी हात तोंडाला लावला आणि दादाला नावानं हाक मारली. थांबले. पुन्हा मारली. त्यांचा आवाज मध्येच फाटला, त्यांनी श्वास घेतला, आणि आयुष्यभर ज्या नियमावर त्यांचा राग होता त्याप्रमाणे तिसरी हाक मारली.

दादानं ओ दिली आणि तो घराकडे यायला लागला.